कमरजहाँचा पहारा

बेल्ह्याच्या अलीकडे उसात शिरणाऱ्या एका कच्च्या वाटेच्या टोकाला कमरजहाँ इनामदारचं घर होतं. शेजार असा नव्हताच. त्यातल्या त्यात जवळची वस्ती गोकुळची, तीही ओढ्यापलीकडे. निजामशी लग्न होऊन ती इथं आली तेव्हा भोवती बाजरी आणि हरभरा असायचा, लांबवरचं माणूस दारातून दिसायचं. पुढं कालव्याला पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसात बिबट्या आला.

एके दिवशी दिवेलागणीला ती वासरू गोठ्यात बांधायला निघाली होती. दावं तिच्या हातातच होतं. बांधावरून काहीतरी झेपावलं, दाव्याला हिसका बसला आणि वासरू उसात गेलं. ओरडायलाही तिला सुचलं नाही. तळहाताची सालटी निघाली होती, ती पंधरवड्यात भरून आली. पण त्या दिवसापासून तिच्या कानांना विसावा मिळाला नाही.

निजाम होता तोवर निभावलं. त्यानं रात्र वाटून घेतली होती. पहिला पहारा त्याचा, दुसरा हिचा. तो ओट्यावर खोकत बसलेला असला की ही आत मेल्यासारखी झोपायची. मग काविळीचं निमित्त होऊन निजाम गेला. मुलगा दानियाल चाकणला कंपनीत लागला, तिथंच फ्लॅट घेऊन बायकोसह राहू लागला. त्यानं आईला खूप बोलावलं. पण दोन म्हशी होत्या, घर होतं आणि निजामची माती याच गावात होती. ती गेली नाही. दोन्ही पहारे तिच्याच वाट्याला आले.

वनखात्यानं गोठ्याजवळ एक भोंगा बसवून दिला. समोरून जनावर गेलं की तो आपोआप वाजायचा. पण त्याला कुत्रं, मांजर आणि बिबट्या सगळे सारखेच. तो वाजला की कमरजहाँ काठी घेऊन उभी राहायची, पत्रा बडवायची आणि मग कितीतरी वेळ छातीची धडधड ऐकत बसायची. शेतात वाकून काम करताना ती गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायची, कारण बिबट्या मानच धरतो. दुपारी ऊन लख्ख असलं तरी पाठ भिंतीला लावून जेवायची. हे सांगायचं कुणाला? बाजारात सगळ्यांच्याच घरी बिबट्या येऊन गेलेला. तिनं बोलायला तोंड उघडलं की समोरचा आपलीच गोष्ट सुरू करायचा.

पुढं गवताचा भारा उचलताना तिचा जबडा दुखू लागला. दोन खांद्यांच्या मधोमध कुणी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं, दम लागायचा. पित्तच असेल म्हणून ती सोडा पीत राहिली. दानियालचा फोन आला की म्हणायची, मी बरी आहे.

बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी ती पेंडीचं पोतं बघत असताना घामानं डबडबली आणि टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसली. गोकुळ तिथंच बैल बघत होता. त्यानं पोतं, बैल सगळं टाकलं आणि तिला मंचरला नेलं. तिथल्या डॉक्टर प्राचीबाईंनी ईसीजीची पट्टी काढली, पुण्याला पाठवून अँजिओग्राफी करवली. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी बरीचशी बुजली होती. तिथंच स्टेंट बसवला.

नंतर तपासायला ती मंचरला आली तेव्हा प्राचीबाई रिपोर्ट पुढं घेऊन बसल्या होत्या. तंबाखू नाही, साखर नाही, अंगावर चरबीचं नाव नाही. रक्तदाब मात्र चढलेला, तोही कधीपासून ते कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी सहज विचारलं, झोप कशी लागते?

"झोपले तर कळंल कसं?" कमरजहाँ म्हणाली.

"काय कळेल?"

"आला म्हणून."

प्राचीबाई मूळच्या आंबेगावच्याच. कोण आला, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला.

"भीती वाटली की काळीज जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो," त्या म्हणाल्या. "जीव वाचवायला ते लागतंच. पण संकट टळलं की सगळं पुन्हा खाली बसायला पाहिजे. तुमचं बसलंच नाही, चाची. वर्षानुवर्षं असं राहिलं की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं, सुजतं. त्यावर चरबी धरते. वाट अरुंद होते, टणक होते. वय आहे, तुमचे वडीलही याच दुखण्यानं गेले, तेव्हा सगळं भीतीवर ढकलता येणार नाही. पण तिचाही हात आहे यात."

"आता ती नस पयल्यासारकी व्हईल का?"

"नाही. आणखी बिघडू द्यायची नाही, एवढं आपल्या हातात आहे."

दानियाल तिला चाकणला घेऊन गेला. म्हशी भिका व्यापाऱ्याला दिल्या, जमीन गोकुळ वाट्यानं करू लागला. फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता, दाराला लोखंडी जाळी. सकाळी दानियाल आणि सून अनिसा कामाला गेले की संध्याकाळपर्यंत घरात कुणी नसायचं. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की कमरजहाँ उठून उभी राहायची. अनिसा एकदा लवकर आली तर सासू भिंतीला पाठ लावून उभी. कशाला घाबरलात, तिनं हळूच विचारलं. कमरजहाँला सांगता येईना. इथं काहीच येणार नव्हतं, ते तिलाही पटत होतं. पण अंगाला ते कळत नव्हतं.

रात्री जेवताना ती आपणहून बोलली.

"तुझे अब्बा व्हते तवा बी बिबट्या व्हताच. तरी मला झोप लागायची."

दानियालनं मान खाली घातली. दिवसा घरी कुणीतरी असावं म्हणून आपली पाळी बदलून मागतो म्हणाला, पण कंपनीत ते जमलं नाही.

अशात बेल्ह्याहून झमकूबाईंचा फोन आला. घर जैनांचं, बाजारपेठेत त्यांचं जुनं किराणा दुकान. नातू पीयूष सकाळी दुकान उघडायचा आणि रात्री नारायणगावला घरी जायचा, म्हातारी मागच्या घरात एकटी. कमरजहाँनं त्यांच्या दारात कैक वर्षं दूध घातलं होतं. झमकूबाईंनी तब्येत विचारली आणि म्हणाल्या, "माझी मागची खोली रिकामी हाय. ये. मटण शिजवायचं न्हाई, एवढंच."

दानियालला वाईट वाटलं. मुलगा असताना आई परक्याच्या घरी राहणार, लोक काय म्हणतील, असं तो म्हणाला. ती सामान बांधू लागली.

पहिले काही दिवस तिथंही तसेच गेले. झमकूबाई पहाटे उठून सामायिकाला, म्हणजे ध्यान-जपाला बसायच्या, ओठातल्या ओठात काही पुटपुटायच्या. मधली भिंत पातळ. कुणीतरी जागं आहे, एवढं त्या आवाजातून कळायचं. एका पहाटे कमरजहाँचा डोळा लागला तो पीयूषनं शटर वर केलं तेव्हा उघडला. झमकूबाईंनी चहा झाकून ठेवला होता. तो गार झालेला चहा पिताना तिला रडू आलं, कशाचं ते तिलाही उमगलं नाही.

आता रक्तदाब गोळीनं आटोक्यात आहे. भारा उचलायचा नाही, पण बाजारपेठेतून चालून येते. दानियाल रविवारी फोन करतो. उसातल्या घराला कुलूप आहे, आणि तिकडची आठवण आली की ती कुणाला सांगत नाही. झमकूबाई सूर्य बुडायच्या आत जेवून घेतात, त्यामुळे दोघींची ताटं कधी एकत्र होत नाहीत. अंधार पडल्यावर कमरजहाँ आपल्या खोलीत एकटीच भाकरी खाते. मधलं दार मात्र उघडं असतं, आणि पलीकडून म्हातारी विचारते, आज काय केलंस गं?