माझी बोअर आणि त्यांचा आवाज

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी माणसं. कुंभकोणमच्या आमच्या नातेवाइकांत कोणी कोर्टात, कोणी बँकेत. मी तिसरीत शाळेतून उठलो आणि हाताने बोअर मारायला शिकलो. त्यांना त्याची लाज वाटे, मला कधी वाटली नाही. सुरूच्या वाशांची तिकटी, पाईप वरखाली करणारी चार माणसं, आणि पाईपच्या तोंडावर माझा तळहात. पाईप वर जाताना तोंड दाबायचं, खाली येताना सोडायचं. तेवढ्यावर गाळ उसळून बाहेर येतो. खाली काय लागलं ते गाळ बघायच्या आधी मला कळे. वाळूत पाईप खरखरतो, चिकणमातीत मुका होतो. शंका आली तर हातोडीचा एक ठोका मारून कान लावायचा. हे मला कुणी वहीत लिहून दिलं नव्हतं.

१९९० नंतरची गोष्ट. सुंदरपेरुमाळ कोयिल या आमच्या गावी माझ्या शेताच्या पलीकडच्या तुकड्यात तेल शोधणारे लोक उंच मनोरा घेऊन आले. त्यांचा साहेब म्हणाला, "आम्ही भोक पाडता पाडताच खाली आवाज सोडतो आणि दगड कसा आहे ते ओळखतो." माझे मजूर हसले. मी हसलो नाही. आवाजाने जमीन ओळखता येते हे मला ठाऊक होतं. पण त्यासाठी भोवती तारेचं कुंपण आणि फाटकावर पहारेकरी कशाला?

त्यात तो साहेब नागपूरकडचा, मराठी बोलणारा. माझं बोलणं ऐकून म्हणाला, "आजोबा, किती जुनी मराठी हो तुमची!"

घरी बायको म्हणाली, "गोड बोलतो की पोरगा."

"तेच तर," मी म्हटलं. "तमिळ मुलखात शोधून मराठी माणूस पाठवला आहे. आपल्याकडून काही काढायचं असल्याखेरीज कोण एवढं करतो?"

त्या उन्हाळ्यात शेजारच्या तीन घरांच्या विहिरी आटल्या होत्या. कालव्याला पाणी सुटायच्या आधी कुरुवै, म्हणजे पहिल्या हंगामाच्या भाताचं रोप तयार लागतं, म्हणून त्यांची रोपं माझ्या बोअरवर होती. एका सकाळी पाण्यातून वाळू आली. दुसऱ्या दिवशी जास्त आली. वाफ्यांवर थर बसू लागला, पंप घरघरू लागला. पंप गेला की चारही घरांची रोपं जाणार, म्हणजे हंगामच गेला.

मी पाईपला कान लावला. खोलवरून धप, धप, धप. एवढंच मला पुरलं. त्यांचा आवाज माझी वाळू हलवत होता.

शेजारची अक्का, स्वतः नांगर धरणारी बाई, तिने मला एकदाच विचारलं, "रायर, नक्की?" आम्हां मराठी लोकांना तिथे रायर म्हणतात.

"माझ्या कानाने ऐकलं आहे."

"मग बसू."

तिन्ही घरं तेलवाल्यांच्या फाटकासमोर रस्त्यात बसली. मीही बसलो. आत जाणाऱ्या गाड्या अडल्या. तिसऱ्या दिवशी साहेबाने मला एकट्याला आत बोलावलं. एकट्यालाच का, हे मला खटकलं. चहा आला, तो मी तसाच ठेवला.

त्याने लांब कागद पसरला, त्यावर वेडीवाकडी रेघ. म्हणाला, "छिन्नीच्या वरच्या जाड पाईपमध्ये आमचं यंत्र असतं. एका जागी टिचकी मारतं, थोडं वर ऐकतं. कठीण दगडातून आवाज लवकर पोहोचतो, भुसभुशीत असला तर उशिरा. रुळाला कान लावला की गाडी आधी कळते ना, तसं."

"मला शिकवू नका. माझ्या पाईपमध्ये धपधप कसली येते?"

"तो आमच्या भोकात पातळ चिखल फिरवणाऱ्या पंपाचा ठोका. टिचकी तुम्हाला ऐकूच येणार नाही. आणि तुमच्या पाण्याच्या थरापाशी तर आम्ही लोखंडी पाईप आणि सिमेंट घालून भोक बंद केलं आहे."

"मग वाळू?"

"आजोबा, तुमची गाळणी शेवटची कधी वर काढली होती?"

मी उठलो. माझी गाळणी! भोकं पाडलेल्या पाईपवर काथ्याची दोरी मी स्वतः गुंडाळतो, वेढ्याला वेढा चिकटून. पाण्यातला काथ्या कुजत नाही, हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. तरी सायकल घराऐवजी जुन्या मजुराकडे वळली. शेजारी सगळे फाटकावर होते, बघायला कोणी नव्हतं. आणखी दोघे बोलावून साखळीने पाईप ओढून काढला.

खालचा काथ्या नव्यासारखा होता. वरचा हातभर काथ्या बोट लावताच गळून पडला. पाणी वर्षावर्षाला खाली गेलं होतं. तेवढा भाग कधी भिजत, कधी सुकत राहिला आणि कुजला; वाळू तिथूनच आत येत होती.

मजूर हळूच म्हणाला, "अण्णा, नवा काथ्या गुंडाळू. पाणी स्वच्छ झालं की सांगू, आपण बसलो म्हणून त्यांनी भिऊन आवाज बंद केला."

सगळ्यांनी ते मानलं असतं. वर मला मान मिळाला असता. पण पुढे कुणाची बोअर मारताना "खाली वाळू आहे" म्हटलं, तर ते माझं मलाच खरं वाटलं नसतं.

मी कुजका काथ्या मुठीत घेऊन फाटकावर गेलो. "उठा. माझा काथ्या कुजला आहे."

 मग अक्का उठली, लुगडं झटकलं. "तीन दिवस उन्हात बसवलंत, रायर! कान तुमचा, आणि डोकं तापलं आमचं."

"हो."

"उद्यापासून पाणी पहिलं माझ्या वाफ्याला."

"घे."

रोपं वाचली. थोडी पिवळी राहिली, पण लावण झाली. त्या वर्षी मला नवी बोअर मात्र कुणी सांगितली नाही.

पुढे मनोरा उतरवताना साहेब भेटायला आला. मी विचारलं, "एवढा आवाज सोडलात, खाली काय निघालं?"

तो चपलेकडे बघू लागला. "ते सांगायची परवानगी नसते, आजोबा."

माझ्या भोकात काय निघालं ते मी भर रस्त्यात सगळ्यांपुढे सांगितलं होतं. त्यांच्या भोकात काय निघालं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बायको म्हणते, आता सोडून द्या. मी नाही सोडत.