सात दिवसांत उत्तर न आल्यास

अर्ज केल्याशिवाय सूर्याने उगवू नये, आणि उगवलाच तर निदान पोच तरी द्यावी, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. ते म्हणजे मुलुंडला आमच्या समोरच्या दारात राहणारे आजोबा. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. कचेरीतून, अर्जातून नव्हे. टाकीचं झाकण वाजतं म्हणून अर्ज, दूध केंद्रावरची बाई तुसडेपणाने बोलते म्हणून अर्ज, गणपतीतल्या लाऊडस्पीकरचं तोंड आमच्याच खिडकीकडे का, म्हणून सविनय अर्ज. दुपारच्या दुसऱ्या चहाचा अर्ज तेवढा ते आजींकडे तोंडी करत, आणि तो रोज नामंजूर होई.

यात माझा गुन्हा एवढाच, की मी घाटकोपरच्या एका ऑफिसात मराठी टायपिस्ट होते. सकाळी मी डबा भरत असताना आजोबा दारात हजर. "अगो, जेवणाच्या सुट्टीत एवढा काढून आण. तीन प्रती. आणि कार्बन नवो घाल हां, गेल्या खेपेक तिसरी प्रत वाचूक भिंग लागला!" संध्याकाळी कागद हातात दिले की ते आधी अनुस्वार तपासत आणि मग मी जेवले का ते विचारत.

मग त्यांच्या नातीचं प्रकरण उभं राहिलं. अकरा वर्षांची पोर, बिल्डिंगमधल्या प्रत्येकाची नातीगोती तिला तोंडपाठ, हिशेब तोंडी विचारा तर आपल्या आधी उत्तर देणार. पण कागद पुढे आला की तीनचा सहा व्हायचा आणि अक्षरं वाटेल तिथे जाऊन बसायची. चौथीत दोनदा नापास झाली होती. आता तिसऱ्यांदा झाली तर नाव काढून न्या, असं शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगून टाकलं होतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तीन दिवस तपासून लिहून दिलं, की मुलीची बुद्धी उत्तम आहे, अडचण आहे ती वाचण्या-लिहिण्यात. परीक्षा तोंडी घ्यावी. मोठ्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मग औषध काय दिलंय?"

आजोबांनी अर्ज केला. तोंडी परीक्षेचा नियम नाही, असं शिपायाकरवी उत्तर आलं. घेऊ नये असा नियम दाखवा, म्हणून आजोबांचा दुसरा अर्ज. त्यानंतर शाळेने उत्तर देणंच सोडलं. सहा अर्ज झाले, सहा पोचा आल्या, बाकी सामसूम. शेवटी मी वैतागले. "आजोबा, ते कुणी वाचतसुद्धा नाही हो!"

"माका सांगतंस?" आजोबा हसले. "तीस वर्सां मी दुसरा काय केलंय? अर्ज घेतलंय, शिक्को मारलंय, कपाटात टाकलंय." मग हसू विरलं. "कोणाकोणाची पोरां आसतली त्या कपाटात, देवाक ठावक."

त्या क्षणी मला त्यांच्या सगळ्या अर्जांची टिंगल केल्याची लाज वाटली.

सातव्या अर्जाच्या शेवटी त्यांनी स्वतः एक ओळ सांगितली: 'सात दिवसांत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे समजण्यात येईल.' साऱ्या कारकून जातीच्या आळसावर त्यांनी नातीचं वर्ष पणाला लावलं होतं. उत्तर येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला अर्जदार मी तेव्हाच पाहिला. पोस्टमन जिन्यात दिसला की ते दार लोटून घेत. जातभाईंनी त्यांना दगा दिला नाही. आठव्या दिवसापर्यंत शाळेकडून एक ओळही आली नाही.

परीक्षेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून बरोबर गेले. आजोबांनी पोच असलेली प्रत टेबलावर ठेवली. मोठ्या बाई उसळल्या, "हे मला कुणी दाखवलंच नाही!"

"शिक्का आपल्याच शाळेचा ना, बाई?" शाळेत आजोबा शुद्ध बोलत.

बाईंनी शिक्क्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "बस गं इथे," असं म्हणून त्यांनी स्वतःच प्रश्नपत्रिका हातात घेतली. आम्ही दाराबाहेर उभे. इतिहासाच्या पेपरात अफझलखान संपेना, तेव्हा बाईच म्हणाल्या, "पुरे गं, पुढचा प्रश्न घेऊ दे."

ती पास झाली. यापुढे तिची परीक्षा तोंडी घेऊ, असं शाळेने लेखी कळवलं, आणि ते पत्र चौकटीत बसून देव्हाऱ्याशेजारी गेलं. आजोबा मात्र तिला रोज शाळेत पोचवत राहिले. दप्तर त्यांच्या खांद्यावर, तिचं बोट त्यांच्या हातात.

ती सातवीत असताना एका सोमवारी माझ्याकडे कागद घेऊन आली. "काकू, टाइप नको करूस. मीच लिहिलंय. समजतंय ना, एवढंच बघ." वाकड्यातिकड्या अक्षरांत, तीन प्रतींत, कार्बनशिवाय, तिने लिहिलं होतं: 'आजोबा, पुढच्या सोमवारपासून मी शाळेत एकटी जाणार. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर तुमचं हो आहे असं समजेन.'

आजोबांनी सही करून पोच दिली आणि अर्ज कपाटात ठेवला. आठवडाभर ते तिच्याशी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले, तेवढा एक सोडून. पुढच्या सोमवारी ती दप्तर घेऊन एकटी जिना उतरली. आजोबा गॅलरीत उभे होते.

"उत्तर का नाही दिलंत?" मी विचारलं.

"उत्तर देवचा झाला असता तर 'नाय' म्हणूनच देवचा लागला असता, गो," फाटकावरची नजर न काढता ते म्हणाले. त्यांच्या पायांत बाहेरच्या चपला होत्या.