उलाळ गाडीचा धडा

अकोल्याच्या जुन्या शहरात मी पंतोजी होतो, तेव्हा तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे माझी शाळा ओस पडली. अमेरिकेचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदी चढली आणि माझी पोरं वेचणीला गेली. उरलेल्यांना मी पुण्याहून आलेल्या पुस्तकातून तरफ शिकवायचो. "टेकू, भार, शक्ती!" पोरं हेल काढून म्हणायची. एकानेच विचारलं, "टेकू कोठं असते जी?" मी पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं. "हा पुस्तकातला झाला. खरा कोठं हाये?" असं पोर वर्गात असायला भाग्य लागतं हो!

आणि नेमका त्याचाच बाप दारात येऊन उभा. बाळापूरच्या वाटेवर त्याची काळी, कसदार जमीन. म्हणाला, "पंतोजी, वेचाले मानूस भेटून नाई रायलं. बाजाराच्या दिशी येतो अन् पोराले घेऊन जातो. कायमचा." मी परोपरीने विनवलं. "तुमच्या त्या टेकूनं बोंड फुटते काय?" म्हणत तो गेला. कपाळ माझं!

मी पुस्तक फडताळात कोंबलं. ज्वारीच्या धांड्यांच्या गाड्या करून पोरं खेळतातच. दुसऱ्या दिवशी तसली एक वर्गात मागवली. मूठभर सरकी मागे ठेवली, जू वर गेलं. पुढे सरकवली, जू खाली आलं. मधोमध आसावर ठेवली, गाडी गपगार. "आस म्हंजे टेकू!" तोच पोरगा ओरडला. मग वर्गाने असा गिल्ला केला की शेजारचे रंगारी चाचा डोकावून म्हणाले, "पंतोजी, खैरियत?" मी इतका खूश होतो की त्यांनाही गाडी दाखवली.

बाजाराचा दिवस उजाडला. कापसाच्या गाठोड्यांनी शिगोशीग भरलेली गाडी दारात आली. "बस मांगं," बाप म्हणाला. पोरगा अगदी टोकाला चढला, आणि गाडी उलाळली! मागचा भाग खाली, जू वर, बैलांचे गळे आवळले. भाव गाठायच्या घाईत बापाने मागेच जास्त भरलं होतं. तो जुवाला लोंबकळला, पोराने उडी मारली, तेव्हा कुठे जू खाली आलं.

"उलाळते, हे मले बी समजते," बाप धापा टाकत म्हणाला, "पन ह्या काडीपैलवानानं एवढी गाडी उचलली कशी?"

पोराने बोटाने धुळीत गाडी काढली, आसाचा ठिपका दिला. "बाबा, हा टेकू. गाडी आधीच मांगं झुकून व्हती. मी टेकूपासून सगळ्यात दूर बसलो. जितकं दूर, तितकं थोडं वझं बी भारी."

बाप उकिडवा बसला. "अन् समोर बसला असता तं?"

"तं बैलाच्या मानेवर आलं असतं."

बापाने त्या ठिपक्यावर बोट ठेवून पाहिलं. मग उठला, गाठोडी पुढे सरकवली आणि पोराला म्हणाला, "जाय आत. आज मी एकटाच जातो." आज! त्या एका शब्दाने माझी झोप उडवली.

पुढच्या बाजारी गाडी पुन्हा दारात थांबली. बाप उतरला, धोतर आवरून धुळीत बसला आणि पोराला हाक मारून म्हणाला, "काय शिकला बे आज? काढून दाखव."