खुर्शीदाच्या हातावरचे जंतू

वडसाच्या बाजारात, माझ्या घरासमोर, खुर्शीदाचं बांगड्यांचं दुकान आहे. बाईचा हात धरून, पंजा हळूहळू दाबत, न दुखवता बांगडी चढवावी ती तिनेच. लग्नघरी नवरीचा चुडा भरायला तिलाच बोलावणं यायचं.

गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून ती नागपूरहून परतली तेव्हा बायका भेटायला आल्या, रडल्या, डाळिंबं ठेवून गेल्या. पुढच्या तपासणीला तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी संशोधनासाठी तिच्या हातावरून, पोटावरून कापसाची काडी फिरवली. कातडीवर जंतूंची वस्ती सगळ्यांच्याच असते, त्या म्हणाल्या. आजारी बायकांत ती वेगळी असते का, आजाराशी तिचा काही संबंध आहे का, एवढंच शोधतोय. अजून ठाऊक कोणालाच नाही. हा आजार हात लावल्याने होत नाही, हेही त्यांनी बजावलं. तुलनेसाठी निरोगी बायकाही हव्या होत्या. खुर्शीदा भोळी. गल्लीत येऊन तिने सगळं सांगितलं आणि शेजारच्या गुणाबाईला म्हणाली, "तू बी चाल ना बाई, काडीच तं फिरवतेत."

झालं! गल्लीने 'जंतू' तेवढा उचलला. दिवसभर मोबाइलवरून एकमेकांना अक्कल शिकवणाऱ्या या लोकांना समोरच्याचं एक वाक्य धड ऐकवत नाही, याची मला भयंकर चीड येते. गुणाबाईने आपल्या मयुरीच्या लग्नात चुडा भरायला दुसरी बाई आणली. मग सगळ्यांनीच हात आखडता घेतला. बायका बांगड्या विकत घेत, पण घरी जाऊन स्वतःच चढवत. खुर्शीदा साबणाने हात घासघासून सालपटं काढू लागली.

दिवाळीनंतर एका दुपारी गुणाबाई दुकानात आली आणि तिने चक्क हात पुढे केला. खुर्शीदाचे डोळे भरून आले. दुसरी बांगडी चढत होती तेव्हा गुणाबाई हळूच म्हणाली, "पाळी जाऊन वर्सं झाली, तरी मले अंगावरून जाऊन राह्यलं."

"कधीपासून?"

"मयुरीच्या लग्नाच्या पयलेपासून."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं मले बी तुयासारखंच दूर ठेवलं असतं."

खुर्शीदा संतापली. तरी दुसऱ्या दिवशी तीच तिला नागपूरला घेऊन गेली. रोग पसरला होता. लग्नाआधी आणलं असतं तर बरी झाली असती, डॉक्टर म्हणाले.

परतताना गाडीत गुणाबाईने खुर्शीदाचा हात घट्ट धरून ठेवला. खुर्शीदाने तो सोडवून घेतला नाही, पण वडसा येईपर्यंत तिच्याशी एक शब्दही बोलली नाही.