कंबर असलेली गाडी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी एक नाव घेतो, आणि त्याचं आईवडिलांना वाईट वाटत नाही. गिरगावच्या डॉक्टर हेमलता मानकर. दीड महिन्यापूर्वी त्या गेल्या. बातमी मला त्यांच्या यजमानांनीच फोनवर दिली. त्यांना सगळी वाडी भाईसाहेब म्हणते. एके काळी मोठे वकील, पण अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून शब्द सावकाश येतात. "दत्ता, बाई गेली रे. दवाखान्यातून आली, चहा घेतला, पेपर उघडला... आणि गेली." मग म्हणाले, "तू ये. मी तिच्याबरोबर शेवटपर्यंत जाणार आहे." मी परळहून तसाच निघालो. त्या दुपारी भाईसाहेब स्वतःच्या पायांनी घराची पायरी उतरले, गाडीत बसले आणि चंदनवाडीपर्यंत बाईंच्या मागोमाग आले. वाडीतली एक बाई डोळे पुसत म्हणाली, "जाण्याआधी ह्यांची सोय करून ठेवली होती बघा डॉक्टरबाईंनी." ती सोय कशी झाली ते मला सांगायचंय, कारण तिच्यातच माझीही सोय झाली.

मी बार्शीचा. वडील मार्केट यार्डात हमाल, आणि आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात महागड्या गाड्यांचं शोरूम झालं होतं, तिथे मला नोकरी लागली. इंग्रजी समजायचं, पण बोलायला गेलो की वाक्याचं शेपूट हातातून निसटायचं, म्हणून मला गिऱ्हाइकांसमोर उभं करत नसत. एक्सचेंजसाठी आलेल्या जुन्या गाड्या फाटकावरून मागे नेऊन लावायच्या, एवढंच माझं काम. एके दिवशी साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या. सुती साडी, पायात पळायचे बूट, आणि खाली उतरल्या त्या भल्याथोरल्या एसयूव्हीतून, तीही स्वतः चालवत. त्याच गाडीची नवी पिढी त्यांना बघायची होती. आमचा सेल्समन त्यांना स्क्रीन, दिवे, मसाज करणाऱ्या सीटा, सगळं दाखवत होता. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नवी चांगली आहे हे समजलं. जुनीत काय बरं होतं, ते सांगणारं कुणी आहे का इथे?"

सेल्समन हसला. मी त्यांच्याच गाडीची किल्ली घेऊन बाजूने चाललो होतो. मला गप्प बसता आलं नाही. म्हणालो, "मॅडम, जुनीच्या सीटवरून बॉनेटचे दोन्ही कोपरे दिसतात. नवीचे दिसत नाहीत, कॅमेऱ्यात बघावे लागतात."

"आणखी?"

"एसी. जुनीत बटण न बघता हाताला लागतं. नवीत सगळं स्क्रीनच्या काचेवर आहे."

"मग नवी घ्यायची कशाला?"

"ते तुम्हाला ती कशासाठी हवीय त्याच्यावर आहे."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पेशंट आत आला की डॉक्टर बघतात तसं. "गाव कुठलं तुझं?" मी सांगितलं. "उद्या घरी ये. नवीची मापं घेऊन ये. आणि तो टाय काढून ये, बघूनच जीव गुदमरतो."

त्यांचं घर गिरगावातल्या एका वाडीच्या अगदी आतल्या टोकाला, तळमजल्यावर. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. खिडकीत आरामखुर्चीवर भाईसाहेब बसले होते आणि बाईंनी त्यांच्यादेखतच मला सगळं सांगितलं. झटका येऊन गेल्यापासून ते घराबाहेर पडलेच नव्हते. चालता यायचं, काठी घेऊन, खोलीतल्या खोलीत. पण उजवा गुडघा वाकत नव्हता. छोट्या गाडीत वाकून शिरता येत नाही, आणि दारात उभी असलेली जुनी एसयूव्ही एवढी उंच की कुणीतरी उचलून बसवावं लागतं. "मी काय फ्रिज आहे?" भाईसाहेब म्हणाले. चाकाच्या खुर्चीतून हमरस्त्यापर्यंत नेऊन तिथे एखाद्या सोयीच्या गाडीत बसवता आलं असतं, पण सगळ्या वाडीतून नमस्कार घेत घेत तसं जायला त्यांची तयारी नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर दर रविवारी वरळीच्या कोळीवाड्यात जाऊन आपल्या हातानं मासळी निवडली, त्याला आता फोनवरून मागवलेली, पिशवीत कापून आलेली मासळी मिळत होती. "त्यांनी जेवणच सोडल्यासारखं केलंय," बाई म्हणाल्या. "मी हजारो बाळंतपणं केली. हे एक माणूस मला घराबाहेर काढता येत नाहीये."

नव्या गाडीत एक गोष्ट होती. बटण दाबलं की ती चाकांवर खाली बसायची, उंटासारखी. दरवाजाही रुंद. भाईसाहेबांना उचलावं लागलं नसतं. पण नवी जुनीपेक्षा रुंद होती, लांबही होती, आणि जुनीच वाडीतून आरसे मिटून कशीबशी यायची. मी कागदावर मापं मांडली, तर बाई म्हणाल्या, "कागदावर नको. बंड्याला बोलावू या."

बंड्या म्हणजे वाडीच्या गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी. एरवी बँकेत नोकरीला. ह्या मंडळाची एक पद्धत आहे. मूर्ती ठरवण्याआधी मूर्तीच्या घेराएवढी बांबूची चौकट बांधतात आणि ती वाडीच्या तोंडापासून मंडपापर्यंत नेऊन बघतात. चौकट आली तर बाप्पा येतो. बाईंनी नव्या गाडीची चौकट बांधायला सांगितली. रविवारी सकाळी बांबू आले, सुतळी आली, वाडी गॅलऱ्यांमध्ये उभी राहिली. "डॉक्टरबाई, टेन्शन नाय," बंड्या म्हणाला, "सोळा हातांची मूर्ती काढलीय आपण इथून. ही तर नुसती गाडी." आठ जणांनी चौकट उचलली आणि निघाले. मधल्या वळणावर म्हसकरांचा ओटा आहे, तिथे अडणार असं मला वाटलं. पण ते लीलया वळले, दारापर्यंत आले, कुणीतरी शिट्टी मारली. भाईसाहेब खिडकीत पुढे झुकले होते.

बाई मात्र हसल्या नाहीत. "अरे गाढवांनो, तुम्ही पालखीसारखं वळवलंत. पुढचे डावीकडे वळले आणि मागचे उजवीकडे सरकले. गाडी आहे ती. तिला कंबर नसते. मागच्यांनी पुढच्यांच्याच मागून यायचं. पुन्हा."

खरंच होतं ते. आयुष्यभर पालखी आणि बाप्पा वाहिलेल्या त्या माणसांना दुसऱ्या तऱ्हेनं वळताच येत नव्हतं. दुसऱ्यांदा ते जपून, शिस्तीत आले आणि चौकट म्हसकरांच्या ओट्याला अडली. मागे घेतली, पुन्हा आणली, पुन्हा अडली. म्हसकरकाका वरून म्हणाले, "डॉक्टर, ओटा तोडू का?" बाई म्हणाल्या, "वेड लागलंय? घराचा पाया आहे तो." खिडकीतून भाईसाहेबांचा आवाज आला. "राहू दे गं, हेमा." आणि खिडकीचं दार हळूच लागलं. बाईंनी सगळ्यांना चहा सांगितला, स्वतः घेतला नाही.

मी ठाकुरद्वारपर्यंत चालत आलो असेन. त्या मुलांचे पाय डोळ्यांसमोरून जात नव्हते. पुढचे डावीकडे, मागचे उजवीकडे... आणि एकदम थांबलो. नव्या गाडीच्या माहितीपुस्तकात एक ओळ होती, जी मी पाठ केली होती आणि जिचा अर्थ मला त्या क्षणी पहिल्यांदा लागला. हळू चालवताना हिची मागची चाकंही वळतात, पुढच्यांच्या उलट दिशेला. मी फोन लावला. "बाई, पोरांनी पहिल्यांदा नेलं तेच बरोबर होतं. नवी गाडी तशीच वळते. हिला कंबर आहे."

बाई म्हणाल्या, "नक्की?"

"वाचलंय. पाहिलं नाही."

"मग पाहू या."

पाहायचं म्हणजे शोरूमची डेमो गाडी वाडीत न्यायची. आमच्या मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. "दत्ता, ओरखडा आला ना, तर तू आणि मी दोघंही बार्शीला." पण त्यांनी किल्ली दिली, हेही लिहिलं पाहिजे. गाडी बाईंनीच चालवली. मी पुढे उलटा चालत होतो, दोन्ही बाजूंना मंडळाचे लोक भिंतीला पाठ लावून उभे, आणि बंड्या विसर्जनाच्या मिरवणुकीत ओरडतात तसा "चला पुढे, चला पुढे" ओरडत होता. म्हसकरांच्या ओट्यापाशी बाईंनी स्टिअरिंग पुरतं फिरवलं. नाक डावीकडे गेलं, आणि मागची चाकं तिरकी होऊन शेपूट उजवीकडे सरकलं, अगदी पालखीच्या मागच्या भोयांसारखं. ओटा आणि गाडीचं दार यांच्यामध्ये माझी दोन बोटं मावतील एवढीच फट राहिली. गाडी दारापाशी आली, बाईंनी बटण दाबलं आणि ती खाली बसली. खिडकी उघडीच होती. भाईसाहेब म्हणाले, "नमस्कार करते की काय?" सगळी वाडी हसली. बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून बसल्या होत्या. उतरल्या तेव्हा मला एवढंच म्हणाल्या, "तू गाड्या लावायचं काम सोड."

त्यांनी ते नुसतं म्हटलं नाही. आमच्या मॅनेजरांना पत्र लिहिलं की ह्या मुलाला गिऱ्हाइकांशी मराठीत बोलू द्या, आम्ही मराठी माणसंही गाड्या घेतो. मला इंग्रजीही त्यांनीच शिकवलं, दवाखान्यातले पेशंट संपल्यावर, मला लाज वाटू न देता. आज मी वर्तमानपत्रांत गाड्यांवर लिहितो, जुन्या आणि नव्या पिढ्यांची तुलना करतो, लोक वाचतात, बार्शीला माझे वडील कात्रणं दुकानदारांना दाखवतात. ते सगळं ज्या एका कागदापासून सुरू झालं, तो इथे देतो.

नवी गाडी आली त्या रविवारी भाईसाहेब पहाटेपासून इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. आणि निघायच्या वेळेला नर्सिंग होममधून बाईंना बोलावणं आलं, एका अडलेल्या बाळंतपणासाठी. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आज नाही निघाले तर पुन्हा तो सदरा अंगावर चढणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. दुपारी मी फोन केला तर म्हणाल्या, "आत्ता नको, मला सारखं आत जावं लागतंय. लिहून पाठव. सगळं लिही, आणि दोन्ही गाड्यांतला फरकही लिही. खोटं लिहू नकोस. मी सावकाश वाचते." मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिलं, आणि बंड्यानं ते स्कूटरवरून नर्सिंग होमला पोचवलं.

*

आदरणीय बाई, सा. न.

आम्ही जाऊन सुखरूप परत आलो. भाईसाहेब स्वतःहून बसले. मी फक्त दार धरलं. आधी डावा पाय आत, मग मागे टेकून उजवा पाय सरळच आत ओढून घेतला. जुनीत हे कधीच जमलं नसतं. वाडीतून जाताना त्यांनी काच खाली करायला लावली आणि सगळ्यांना आपणहून नमस्कार केले.

फरक विचारलात म्हणून लिहितो. नवी फार शांत आहे. इतकी, की भाईसाहेब म्हणाले, बंद पडली का बघ. खड्डे कळत नाहीत. पण जुनीत चाक कुठे आहे ते हाताला कळायचं, हिच्यात अंदाज घ्यावा लागतो. एसी त्यांना स्वतःला कमी करता आला नाही. बोट थरथरतं, आणि काचेला ते कळत नाही. चूक बोटाची नाही, गाडीची आहे. तिथे मला कंपनीची बाजू घेता येणार नाही.

कोळीवाड्याच्या तोंडाशी गाडी लावली. तुमची नेहमीची जमनाबाय पाटी घेऊन आली. मी गाडी खाली बसवली. जुनीतून मासळी वरून बघावी लागायची, भाईसाहेबच म्हणाले. आज ती पाटीशी बसली आणि हे सीटवर, तरी दोघांचे डोळे समोरासमोर आले. तिनं बराच वेळ ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला वाटला, डॉक्टरनीनं तुला भाजीपाल्याला लावला." भाईसाहेब म्हणाले, "तुझी मासळी तशी असायची, म्हणून." मग दोघं भांडले. घोळ मासळी ताजी नाही असं हे म्हणत होते, आणि कल्ले उघडून दाखवत ती म्हणत होती की तुझे डोळे ताजे नाहीत. मला बार्शीच्या माणसाला काय कळतंय. मी दोघांचंही खरं मानलं.

पुढचं करायला मी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी काठी मागितली आणि उतरले. मी धरायला गेलो तर हात झटकला. दुसऱ्या पाटीपर्यंत गेले, मग तिसऱ्या. प्रत्येक मासा अंगठ्यानं दाबून बघितला. डाव्या हातानं. शेवटी जमनाबायकडेच परत आले आणि तीच घोळ घेतली, जिला नावं ठेवली होती. ती म्हणाली, "आता कसा?" ते रडत होते, पण आनंदानं, काळजी करू नका. जमनाबायनं पदरानं त्यांचा चेहरा पुसला आणि पदराला मासळीचं पाणी होतं. त्यावरून परत भांडण झालं.

आता घरी आहोत. स्वयंपाक झाला आहे. भाईसाहेब टेबलाशी बसले आहेत, मी लिहितोय ते बघतायत आणि काय लिहितोस म्हणून विचारतायत. तिकडचं बाळ आणि त्याची आई सुखरूप असोत. पण जमेल तितक्या लवकर या. ते अजून जेवलेले नाहीत, आणि मलाही जेवू देत नाहीत. म्हणतात, मासळी मी आणली आहे, हेमाला वाढणार मी.

आपला,
दत्ता