पोरक्या पिल्लाचा ताबा

थायलंडमधील एका वन्यप्राणी-आश्रयकेंद्रात माझी पुतणी स्वयंसेवेसाठी गेली होती. मी तिला भेटावयास गेलो. तेथील पोरक्या वानरपिल्लाने मला पाहताच दोन्ही हात उंचावले.

“घ्या ना त्याला, काका. सगळ्यांकडे जातं ते.”

“आणि तू परत गेलीस की?”

“नवीन बॅच येते ना. रिटायर झालात, पण उलटतपासणी काही सुटली नाही तुमची.”

पोरक्या मुलाचा ताबा देताना न्यायालय मुलाचे हित पाहते. येथे पाहिले जाते ते कुशीत घेणाऱ्याचे. मंडळी येतात, पिल्लाला छातीशी धरून छायाचित्रे काढतात आणि वात्सल्याचे समाधान घेऊन विमानात बसतात. माणसाला भिणारे वानरच जंगलात जगू शकते. ही दयाळू माणसे त्याची ती भीतीच रोज थोडीथोडी चोरून नेतात, आणि या चोरीला कोणत्याही संहितेत कलम नाही.

मी हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिलो. पिल्लाने बराच वेळ वाट पाहिली. मग हात खाली घेऊन ते मागे सरकले आणि त्याने माझ्यावर दात विचकले. त्या केंद्रात माझ्या हातून घडलेली सेवा ती एवढीच. इतरांच्या हातून तेवढीही घडताना मला दिसली नाही.