ओल्या सागवानाचं दार

सागवानाचं एक झाड पाडलं की एका घराची पाच घरं होतात, हे आमच्याकडे सिद्ध झालेलं आहे.

झाड आमच्या आसगावच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर होतं. उभं होतं तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वनखात्याची परवानगी आली, झाड आडवं झालं, आणि त्याच संध्याकाळी आपलं आयुष्य सागवानावाचून अडलेलं आहे हे घरातल्या प्रत्येकाला कळलं. आईला देवघर हवं होतं. बाबांना बैलबंडीसाठी लाकूड हवं होतं (बैल विकून टाकले होते, पण बंडी हवी होती!). माझ्या बायकोला, वैशालीला, दिवाण पाहिजे होता. धाकटी बहीण शालू शिवणकाम करते, तिला कापड बेतायला लांबरुंद टेबल. आणि मला हवं होतं दार. नवी खोली बांधून झाली होती, वर टिनं चढली होती, खिडकीला गज लागले होते, पण दाराच्या जागी वैशालीची जुनी साडी लोंबत होती.

"पहिले दार," मी जाहीर केलं. "उरलं त्याच्यातून बाकीचं काढा."

"अन् देव काय पोत्यावर बसन?" आईनं विचारलं.

"देव कोनाड्यात बसूनच राहिले ना माय आतापर्यंत?"

"मंग तू बी नीज साडीमागं. देवाहून मोठा झाला का?"

(माझी आई वाद घालत नाही. ती फक्त शेवटचं वाक्य बोलते.)

बाबांचं म्हणणं वेगळंच निघालं. "लाकूड ओलं आहे. बोडीच्या पाण्यात बुडवून ठेवू, एक पावसाळा जाऊ दे. मंग सावलीत वाळवू. मंग भांडा."

"लाकडाले पोहणं शिकवता का बाबा?"

"दम धर लेका. लाकूड आहे, पळून नाही जात."

आता, दम धरणं हे काम माझ्याच्यानं होत नाही. चहाला उकळी यायच्या आत मी गाळणी घेऊन उभा असतो. बसची वाट पाहताना मी पुढच्या थांब्यापर्यंत चालत जातो, आणि बस मधेच मला ओलांडून निघून जाते! तेव्हा सागवान बोडीच्या तळ्यात आणि मी काठावर, असा पावसाळा काढणं शक्यच नव्हतं. बाबा पवनीला एका लग्नाला गेले आणि मी ट्रॅक्टर बोलावला. लाकूड आरा मशीनवर गेलं, फळ्या पडल्या, मी सुताराच्या डोक्यावर उभा राहून दार करून घेतलं. झाड निघालं बारीक, दारातच संपलं; एक फळी तेवढी उरली. बाबा परतले तेव्हा दार चौकटीत बसलेलं होतं.

बाबांनी फळीवरून हात फिरवला. हाताचा वास घेतला. "छान आहे," एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला गेले. ते ओरडले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

उन्हाळा तापला आणि दार आकसायला लागलं. कडेला फट पडली. आधी तिच्यातून बोट जायचं, मग हात, मग एका दुपारी आमचं मांजर त्या फटीतून आरामात आत आलं. शेजारचे काका अंगणातूनच विचारू लागले, "अरे, आज बटाट्याची भाजी केली का?"

"साडीच बरी होती," वैशाली म्हणाली. "तिच्यातून दिसत तरी नव्हतं."

हे मला झोंबलं. मी उरलेल्या फळीची एक जाड पट्टी काढली आणि फटीच्या मापानं दाराच्या कडेला ठोकून टाकली. फट गायब! मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दार उघडून-लावून दाखवलं.

बाबांनी आभाळाकडे पाहिलं. "पावसाळा येऊन राहिला," ते म्हणाले.

"येऊ द्या ना! एक थेंब आत नाही जात आता."

धानाचे रोवणे आटोपले, लोकांच्या हाताला उसंत मिळाली आणि शालूला पाहायला पाहुणे यायचं ठरलं. मुलगा चिखल्याचा, मँगनीजच्या खाणीत कामाला. शालूनं आजवर आलेल्या सगळ्या स्थळांना नाकं मुरडली होती, पण याचा फोटो तिनं मोबाइलमध्ये जपून ठेवला होता. आदल्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, हात जोडते. उद्या तुझी घाई नको आणू मधात. मले हा मुलगा पाहिजे."

मी शब्द दिला. आणि खरंच सांगतो, त्या दिवशी मी कसलीच घाई केली नाही. जी करायची ती मी उन्हाळ्यातच उरकून ठेवली होती!

आठवडाभर झड लागलेली होती. पाहुणे ओलेचिंब आले: मुलगा राजेश, त्याची आई, त्याचे वडील. पोहे झाले, लाखोरीचे वडे झाले, ओळखी निघाल्या. मग मुलाचे वडील म्हणाले, "दोघांले दोन शब्द बोलू द्या जी." मी दोघांना नव्या खोलीत नेलं. दार जरा घासत होतं. पण पाहुण्यांसमोर घरचं सागवान मिरवायची संधी कोण सोडतो?

"कसं बसते पाहा," म्हणत मी बाहेरून कडी धरली आणि दोन्ही हातांनी दार ओढलं. धप्प!

चहा झाला. मुलाच्या आईनं घड्याळ पाहिलं. मी हाक मारली, "शालू, या जी बाहेर."

"दादा, दार उघड ना."

"आतून तूच काढ ना कडी."

"कडी लावलीच नाही!"

मी दार ढकललं. ढिम्म! खांदा लावला. बाबांनी माझ्यामागून जोर लावला, त्यांच्यामागून शेजारच्या काकांनी लावला. आतून राजेशनं ओढलं, तर मूठच उपटून त्याच्या हातात आली. पावसात फुगलेलं दार आणि वर माझी पट्टी! शालूचं काय होणार?

"हे काय बाप्पा!" मुलाच्या आईनं कपाळावर हात मारला. "पोरगी दाखवतो म्हणे, अन् पोरालेच कोंडून टाकलं!"

"तसं नाही जी, लाकूड जरा..." मी सांगू लागलो.

"काकाजी, घाबरू नका!" आतून राजेशनं बाबांना धीर दिला. "मी रोज खाणीत उतरतो. अठी तर खिडकी आहे, हवा मस्त आहे!"

तोवर त्या खिडकीपाशी अर्धं गाव छत्र्या घेऊन जमलं होतं. कुणी विचारलं, "लगन लागलं का?" आईनं गर्दीतून वाट काढत गजांमधून दोघांना वडे पोचवले. मी दारावर लाथा घालत होतो. दाराला काही झालं नाही, मी मात्र लंगडायला लागलो.

बाबा शांतपणे कुऱ्हाड घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. "तूच लावलं, तूच तोड."

दोघांना खिडकीकडे सरकायला सांगितलं आणि मी घाव घातला. कुऱ्हाड उडाली. पुन्हा घातला, पुन्हा उडाली. मुलाचे वडील खुर्ची ओढून जवळ बसले आणि बारकाईनं पाहत म्हणाले, "लाकूड अस्सल आहे हं." त्या दाराचं कौतुक करणारे ते पहिले आणि शेवटचे गृहस्थ.

अखेर पट्टी सुटली, फळी चिरली, दार आत कोसळलं. आत शालू आणि राजेश खाटेवर बसून पोट धरून हसत होते. ते कशाला हसत होते हे मी विचारलं नाही.

आईनं ढलप्या गोळा केल्या आणि चहा पुन्हा मांडला. देवघर नाही, दिवाण नाही, सागवान चुलीत! त्याचा असा धूर झाला की पाहुण्यांसकट सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या धुरातच मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला.

"पोरगी आमाले पसंत आहे. पण एक अट आहे."

आईनं पदर तोंडाला लावला. स्वयंपाकघरात शालूच्या हातातलं भांडं खणकलं. माझ्यामुळे हिचं जमत आलेलं फिसकटणार, हे मला दिसू लागलं. मी पुढे होऊन हात जोडले.

"सांगा जी. बहिणीसाठी काही बी करीन मी."

"आमच्या घराचं बांधकाम चालू आहे," ते म्हणाले. "लग्नात तुमी खुशाल जेवा, नाचा. पण आमची दारं-खिडक्या बसून होईपर्यंत चिखल्याले पाय नका ठेवू."

मी मान्य म्हणायच्या आत वैशाली मान्य म्हणाली. वर पाहुण्यांना चहाचा कप देता देता तिनं विचारलं, "अशी अट आमच्या घराले बी लावता येईल का जी?"